कोपऱ्यातला पंखा

पीकविम्याचा अर्ज भरायला सेवा केंद्रात गेलात की संगणकाच्या पडद्याकडे बघा. खाली उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखे लहान चित्र असते. त्याच्या कमानी भरल्या, म्हणजे वायफायच्या पेटीपासून संगणकापर्यंत लहरी जोरात येतात. मध्ये जाड भिंत आली की कमानी कमी होतात.

पण एवढ्यावर जाऊ नका! मुळेच्या पाटाची चारी शेतापर्यंत धड आहे, पण वरून पाणीच सोडले नाही, तर पीक भिजेल का? पेटीच्या पलीकडची तार तुटली की तसेच होते. लहरी जोरात, अर्ज जागेवरच. पोरे म्हणतात, "सर्व्हर डाऊन." दर वेळी ते खरे नसते. नव्या संगणकावर अशा वेळी पंखा जाऊन पृथ्वीचा गोल येतो, त्यावर बंदीची खूण असते. ती दिसली तर थांबा. अर्जाचा नंबर असलेली पावती हातात पडल्यावरच घरी निघा.