बर्फाआडची शाळा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



पन्नास वर्षे एखादी संस्था अखंड चालविणे म्हणजे काय, हे या सभागृहातील ज्येष्ठांना मी सांगावयास नको. त्या मानाने माझा अनुभव अल्प आहे. निवृत्तीनंतर मी तीन हिवाळे लडाखमधील झांस्कर खोऱ्यातील एका लहानशा गावात मुलांना शिकविण्यात घालविले. तेथे दिवस कसे काढले, असे मला नेहमी विचारले जाते. आज आयोजकांनीही तोच विषय दिला आहे. पराक्रमाचे त्यात फारसे काही नाही. पाणी, ऊब, अन्न आणि सोबत या चार गोष्टींची नित्य तजवीज, एवढाच त्याचा आशय आहे.

प्रथम त्या भूमीची थोडी ओळख करून देतो. खोऱ्याचे मुख्य ठिकाण पदुम. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३,६५० मीटर आहे. कारगिलहून येणारा रस्ता सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी ला खिंडीतून उतरतो आणि हिवाळ्यात हिमवर्षावामुळे महिनोन्‌महिने बंद राहतो. पूर्वी अशा काळात बाहेर पडण्याची मुख्य वाट एकच होती, गोठलेल्या झांस्कर नदीच्या पात्रावरून चालत जाण्याची. तिला ‘चादर’ म्हणतात. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, आणि शिंकू ला खिंडीखालील बोगद्याच्या कामाचा प्रारंभ जुलै २०२४ मध्ये झाला. दळणवळण सुधारत आहे. परंतु पदुमपासून दूरच्या वाड्यावस्त्यांचा हिवाळा अजून फारसा बदललेला नाही.

या खोऱ्यात कष्ट सोसून विद्या करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. चोमा द कोरोश हा हंगेरियन विद्वान १८२३ मध्ये झांस्करमध्ये आला आणि तेथील एका लामाच्या हाताखाली तिबेटी भाषा शिकू लागला. सुमारे नऊ फूट लांबीरुंदीच्या खोलीत, शेकोटीवाचून, अंधार पडल्यावर दिव्यावाचून, मेंढीच्या कातड्याच्या झग्यात स्वतःला गुंडाळून तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचीत बसे. त्याच अभ्यासातून सिद्ध झालेला त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८३४ मध्ये कलकत्त्यास छापला गेला. आम्हांस तर चूल होती, सौरदिवा होता. त्यामुळे तक्रारीचा शब्द ओठावर आला की मला त्या नऊ फुटी खोलीचे स्मरण होई.

आता नित्याच्या अडचणींकडे वळतो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. नवागताने पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी, जिना चढतानाही घाई करू नये. डोके दुखणे, झोप न लागणे हे स्वाभाविक आहे. मात्र धाप वाढू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर संकोच न धरता ताबडतोब खाली उतरावे.

पाणी हा तेथील खरा धनसंचय. ओढे गोठतात, तेव्हा कुऱ्हाडीने बर्फ फोडून पाणी काढावे लागते आणि स्वयंपाकघरातच साठवावे लागते; अन्यत्र ठेवलेली बादली सकाळी दगड होते. स्नान आठ-पंधरा दिवसांनी. शौचालये कोरडी असतात; वरून माती टाकावयाची आणि कालांतराने त्याचे खत शेतात न्यावयाचे. पाण्याचा थेंबही न नासता ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आरंभी संकोच वाटतो, नंतर आदर वाटू लागतो.

उबेची गोष्ट याहून नाजूक आहे. झाडे विरळ, म्हणून सरपण महाग. मुख्य इंधन शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्यांचे. जुन्या घरांत हिवाळ्याची खोली मध्यभागी असते आणि गुरांचे गोठे तिच्या लगत असतात, म्हणजे जनावरांच्या अंगची ऊबही वाया जात नाही. शाळेच्या ‘बुखारी’साठी, म्हणजे लोखंडी शेगडीसाठी, मुले घरून गोवऱ्या आणीत. झोपण्यापूर्वी बुखारी पूर्ण विझवावी आणि धुराडे मोकळे आहे ना हे पाहावे, हा नियम मी कधी मोडला नाही. बंद खोलीत कोंडलेला विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो.

अन्नाविषयी या सभागृहात कुतूहल असणार, हे मी जाणतो. तेथे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. प्रेशर कुकरवाचून डाळ शिजतच नाही. हिवाळ्यात धान्य-भाजीची टंचाई असल्याने वाळविलेले मांस अनेक घरांत खाल्ले जाते, आणि साठवणीच्या भाज्या म्हणजे खड्ड्यात पुरलेले बटाटे, सलगम, मुळा, गाजर. शाकाहारी माणसाचे तेथे सहज निभते. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्याने मात्र आधीच तयारी करावी. भाजलेल्या जवाचे पीठ, वाळलेला वाटाणा, ‘छुर्पे’ नावाचे सुकविलेले चीज आणि बरोबर नेलेल्या डाळी यांवर हिवाळा निघतो. यजमानाला आपला नियम पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावा. मी सांगितला, तेव्हा घरच्या आजींनी एक निराळे पातेलेच माझ्यासाठी काढून ठेवले. नियम पाळणाऱ्याचा मान तेथे राखला जातो.

वर्गात आणखी निराळ्या अडचणी. थंडीने बॉलपेनची शाई थिजते, म्हणून आम्ही पेन्सिलीच वापरल्या. ऊन असेल तेव्हा दक्षिणेकडील भिंतीच्या आडोशाला वर्ग भरवीत असू. परंतु सर्वांत मोठी भिंत भाषेची. मूल घरी झांस्करी बोलते. पुस्तक इंग्रजीत, व्यवहार हिंदीत. लडाखमध्ये हा प्रश्न नवा नव्हे. १९८८ मध्ये सोनम वांगचुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेकमोल’ ही विद्यार्थी चळवळ उभी केली, ती शाळांच्या दुरवस्थेमुळेच. १९९४ मध्ये ‘ऑपरेशन न्यू होप’ सुरू झाले. त्यातून गावोगावी शिक्षण समित्या, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि स्थानिक जीवनाला धरून असलेली पुस्तके यांवर भर देण्यात आला. त्याच मार्गाने जाणे मला सोपे वाटले. अपूर्णांक शिकविताना आंबे किंवा पेढे वाटण्याऐवजी मी पाटाच्या पाण्याच्या पाळ्या घेतल्या. हिमनदीचे वितळलेले पाणी कोणाच्या शेताला किती वेळ, हे तेथील आठ वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते. पाऊण आणि सव्वा त्यांना फळ्यावरून समजले नव्हते, ते पाटाच्या काठी क्षणात समजले.

एकटेपणा हा शेवटचा आणि कठीण भाग. डिसेंबरच्या सुट्टीत बाहेरगावचे शिक्षक घरी जातात, टपाल थांबते, कित्येक दिवस फोन लागत नाही. अशा वेळी दिनक्रमच आधार देतो: पहाटे पाणी, मग चूल, दुपारपर्यंत मुलांचा वर्ग, संध्याकाळी कोणाच्या तरी चुलीपाशी लोण्याचा खारट चहा. लोसर हा नववर्षाचा सण हिवाळ्यातच येतो. त्या दिवसांत ‘जुले, जुले’ म्हणत घरोघरी जाताना परकेपण कधी गळून पडले, कळलेही नाही.

बंधुभगिनींनो, इतक्या अडचणींनंतर एक प्रश्न उरतोच. कोणी तेथे राहावेच कशाला? कारण शिक्षक टिकला नाही की पालकांचा विश्वास उडतो. सहा-सात वर्षांचे मूल लेह, जम्मू किंवा चंदीगडच्या वसतिगृहात धाडले जाते. सुट्टी संपली की मुले वडिलांचे बोट धरून ‘चादर’वरून शाळेकडे निघत, आणि पुढे कित्येक महिने आईची भेट नसे. त्यांतील अनेक मुले शिकून मोठी झाली, हे खरे. पण गावची शाळा ओस पडली, आणि पाटाच्या पाळ्या व घरची बोली त्या मुलांना अनोळखी झाली. माझ्या वर्गात पहिल्या हिवाळ्यात अकरा मुले होती, तिसऱ्यात सात. उरलेली चार बाहेर शिकावयास गेली. त्यांच्या आईवडिलांना मी दोष देऊ शकलो नाही, आणि त्यांना थांबवू शकेन असे आश्वासनही माझ्यापाशी नव्हते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपला ट्रस्ट शिक्षणकार्याचा विस्तार करू इच्छितो, असे मला समजले. अशा दुर्गम भागाचा विचार झाला, तर एक विनंती आहे. कपड्यांचे गठ्ठे धाडण्यापूर्वी गावाच्या शिक्षण समितीला विचारावे. कदाचित ती दक्षिणाभिमुख, सूर्याच्या उष्णतेवर तापणारी एक वर्गखोली मागेल. कदाचित त्याच गावच्या शिकलेल्या मुलीला हिवाळी वर्गासाठी मानधन मागेल. माझ्यासारखा पाहुणा तीन हिवाळे राहतो आणि परततो. ती मुलगी तेथेच राहील, आणि मुलांशी त्यांच्याच बोलीत बोलेल. तिच्या हाती खडू देता आला, तर ते दान दीर्घकाळ फळेल, असे मला मनःपूर्वक वाटते.