मेलेल्या राजाचे बंड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, हिंगोली शहरात रिसाला बाजार नावाची वस्ती आहे. रिसाला म्हणजे घोडदळ. निजामाच्या पैशावर आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमावर चालणाऱ्या कंटिन्जंट फौजेची इथे छावणी होती, तिची ही खूण. १८४९ साली या फौजेला वऱ्हाडातल्या एका बंडावर जावे लागले. बंडाचा पुढारी स्वतःला नागपूरचे परागंदा राजे अप्पासाहेब भोसले म्हणवीत होता. खरे अप्पासाहेब तर नऊ वर्षांपूर्वीच वारले होते!

खऱ्या अप्पासाहेबांची कथाही विलक्षण आहे. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या लढाईत ते इंग्रजांकडून हरले. पुढल्या वर्षी त्यांना पदच्युत करून अलाहाबादेकडे धाडले. वाटेत जबलपूरच्या बाजूला पहाऱ्याचे शिपाई फितवून ते शिपायाच्याच वेषात निसटले. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला. पुढे अशीरगड, मग पंजाब, आणि अखेर जोधपूर. तिथल्या राजा मानसिंगांनी त्यांना महामंदिरात ठेवून घेतले. इंग्रजांनी मागणी केली, पण शरण आलेल्याला ताब्यात देणे मानसिंगांनी नाकारले. १८४० साली अप्पासाहेबांनी तिथेच देह ठेवला.

हे राजे काही प्रजेच्या गळ्यातले ताईत नव्हते. तैनाती फौजेचा करार १८१६ साली त्यांनीच केला होता. चुलतभाऊ परसोजींच्या खुनाचा आळही त्यांच्यावर होता. मग त्यांच्या नावावर माणसे जमली कशी?

आपल्याला तोतये नवे नाहीत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि त्याच्यामागेही फौज उभी राहिली. दूर ब्रिटनमधल्या वेल्समध्येही असेच घडले. तिथले राजघराणे बुडाले. त्याचा वारस ओवेन फ्रान्सच्या राजाकडे राहून इंग्रजांशी लढला. १३७८ साली इंग्रजांच्या हस्तकाने त्याला ठार केले. तरी तो एका गुहेत झोपला आहे, एक दिवस परतेल, असे लोक सांगत राहिले.

वऱ्हाडात तेव्हा निजामाचा अंमल होता. खजिन्यात खडखडाट, फौजेचे पगार थकलेले, आणि वसुलीचे मक्ते घेणारे रयतेला पिळत होते. गाऱ्हाणे ऐकणारा कुणी नव्हता. अशा वेळी दूरदेशी गेलेला राजा आठवतो. त्याचे दोष विस्मरणात जातात, आणि उरते फक्त ‘तो असता तर’ एवढेच.

बंड मोडले. चारच वर्षांनी, १८५३ साली, याच फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. तोतया खोटा होता, श्रोतेहो. पण त्याच्यामागे गेलेल्यांचे दुःख खोटे नव्हते.