स्टॉक कारचे इंजिन निकामी का होते?
अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत धावणाऱ्या स्टॉक कारचे, म्हणजे बाजारातील मोटारींशी बाह्यरूपाने साम्य राखणाऱ्या शर्यतीच्या गाडीचे, सुमारे ५.८७ लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांच्या आसपास फिरते, तेव्हा हवा आत घेणारी व जळालेला वायू बाहेर सोडणारी प्रत्येक झडप सेकंदाला ७५ वेळा उघडते आणि मिटते. झडप मिटवणारी स्प्रिंग या ताणाने थकून तुटली, की झडप पिस्टनवर आदळून इंजिन क्षणात संपते. सर्वांत नाजूक दुवा बहुधा हाच. भर वेगात चुकून खालचा गिअर पडल्यासही फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊन तेच घडते. तेलाचा दाब घटल्यास बेअरिंग जळतात, तर पुढील जाळीवर चिकटलेला एखादा क्षुल्लक कागदही थंड हवेची वाट अडवून इंजिन तापवतो.