शेताच्या कडेचा सरवा



धर्मग्रंथ म्हटला कीं आज्ञा, शासन आणि परलोक हेच विषय पुष्कळांच्या मनांत प्रथम येतात. परंतु आम्हां ख्रिस्ती लोकांच्या जुन्या करारांत अवघ्या ४ अध्यायांचें एक पुस्तक आहे आणि त्याचा विषय आहे सासूसुनांची माया. त्या पुस्तकाचें नांव रूथ.

बेथलेहेमास दुष्काळ पडला, म्हणून नामी ही पति व दोन मुलगे यांसह मवाब देशांत गेली. तेथें पति वारला. मुलांचीं लग्नें झालीं, पण पुढें तेही निवर्तले. घरांत उरल्या तीन विधवा. नामीनें सुनांस माहेरीं जाण्यास सांगितलें. एक रडत परतली. रूथ मात्र सासूस सोडीना. मवाबी मनुष्यास मंडळींत घेऊं नये, असा इस्राएलाचा नियम होता. तरी त्या परक्या गांवीं ती एका वृद्धेसाठीं गेली.

अशा प्रेमास हिब्रू भाषेंत ‘हेसेद’ म्हणतात. त्यांत दया आहे, तशीच निष्ठाही आहे. तें शब्दांत कमी आणि कृतींत अधिक दिसतें.

तारापूरच्या बाजूस भाताची कापणी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ठाऊक असेल कीं भारे उचलल्यावरही शेतांत कांहीं लोंब्या राहतात. त्या वेचणें म्हणजे सरवा वेचणें. मोशेच्या नियमशास्त्रानें हा सरवा धन्याचा ठेवलाच नाहीं. शेताच्या कडा पुरत्या कापूं नयेत, विसरलेली पेंढी आणण्यास मागें फिरूं नये. तीवर परका, पोरका आणि विधवा यांचा हक्क. रूथ सरवा वेचूं लागली, तेव्हां शेताचा धनी बवाज याच्याही पुढें गेला. पेंढ्यांतून मुद्दाम कांहीं कणसें टाका आणि तिला धमकावूं नका, असें त्यानें गड्यांस बजावलें. दिलें, पण घेणारीची मान खालीं जाऊं दिली नाहीं. आणि रूथनेंही दुपारीं मिळालेल्या हुरड्यांतून उरलेला भाग सासूसाठीं घरीं नेला.

महाराष्ट्रांत ही शिकवण आचरणांत आणणारी स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. त्या १८८२ सालीं विधवा झाल्या. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन काढलें आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार स्त्रियांना व मुलींना केडगांवीं आश्रय दिला. तेथें केवळ अन्न नव्हतें. शिक्षण होतें, हातांस काम होतें, छापखानाही स्त्रियाच चालवीत. हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनीं केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. रूथची कथा त्यांनीं कोणत्या डोळ्यांनीं वाचली असेल, हें निराळें सांगावयास नको.

मत्तयानें शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत येशूची वंशावळ दिली आहे. तींत या परदेशी सुनेचें नांव त्यानें आदरानें घातलें आहे. जिला मंडळींत जागा नव्हती, ती प्रभूच्या कुळांत पूर्वज ठरली. म्हणून आपल्या शेताची, मिळकतीची आणि वेळेची कड आपण दुसऱ्यासाठीं राखतों कीं नाहीं, हें प्रत्येक कुटुंबानें आपल्याशीं विचारून पाहावें. प्रेमाची परीक्षा तेथेंच होते.