दाराच्या घंटेला डोळे फुटतात तेव्हां

आमच्या लहानपणीं दाराशीं आलेला मनुष्य आपली ओळख आपणच देत असे. "आहेत का कोणी घरांत?" अशी हांक आली कीं आवाजावरून माणूस समजे, आणि कडी वाजविण्याच्या तऱ्हेवरून पोस्टमन कोणता व दूधवाला कोणता, हें माझी आई चुलीपुढून न उठतां सांगे. पुढें दारें दिवसाहि लावून ठेवण्याची रीत पडली, विजेची घंटा आली, आणि सर्वांचा आवाज एकच झाला. घंटा वाजली एवढें कळे. ती कोणी वाजविली, तें दार उघडल्यावांचून कळेना.

ही उणीव भरून काढणारी घंटा आतां शहरांतून पुष्कळ दारांवर दिसूं लागली आहे. तिला बारीकसा डोळा असतो, कान असतो आणि वाचाहि असते. बटण दाबतांच आलेल्या माणसाचें चित्र आपल्या फोनवर उमटतें, आणि आपण माजघरांत असों वा परगांवीं, त्याच्याशीं बोलतां येतें. हिला 'दर्शनघंटा' म्हणावें असें माझ्या मनांत आलें होतें. परंतु त्या नांवानें मागणी केली असतां दुकानदार मला देवळाचा रस्ता दाखवील, या भीतीनें 'व्हिडिओ डोअरबेल' हेंच बाजारांतलें नांव मीं पत्करलें आहे. ती तारेनें घरच्या विजेला कशी जोडावी, आणि जोडण्यापूर्वीं काय पाहावें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. हा विषय मला माझ्याच एका चुकीनें शिकविला. म्हणून ती चूकहि सांगणें भाग आहे.

असें साधन असावें ही कल्पना कालपरवांची नव्हे. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नांवाची एक परिचारिका होती. तिच्या व तिच्या पतीच्या कामाच्या वेळा आडनिड्या असत, आणि एकटी असतांना अवेळीं दार वाजलें कीं तिला धास्ती वाटे. त्या जोडप्यानें १९६६ सालीं एका योजनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजीं तें मंजूर झालें. दाराला निरनिराळ्या उंचीवर भोकें, त्यांवरून खालींवर सरकणारा कॅमेरा, आंतल्या खोलींत चित्र दाखविणारा टेलिव्हिजन, बाहेरच्या माणसाशीं बोलण्याची सोय, आणि जागचें न उठतां दार उघडण्याची कळ, असें त्या योजनेचें स्वरूप होतें. आजच्या घंटेचें मूळ अशा एका गृहिणीच्या धास्तींत सांपडतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आमच्या घरींहि कारण तेंच होतें. माझ्या पत्नीचे गुडघे गेलीं तीन वर्षें दुखत आहेत. मी सकाळीं वाचनालयांत जातों, तेव्हां ती घरीं एकटीच असते. घंटा वाजली कीं भिंतीला धरून दारापर्यंत जावें, आणि पाहावें तों पत्रकें वाटणारा एखादा पोरगा, असें नित्य होई. एकदां अशीच घाईनें उठतांना ती पडली. हाड मोडलें नाहीं, परंतु अमेरिकेंत असलेल्या आमच्या चिरंजीवानें तें मनावर घेतलें, आणि पुण्यास येणाऱ्या एका स्नेह्याबरोबर ही घंटा पाठवून दिली.

अशा घंटा दोन प्रकारच्या मिळतात. एक बॅटरीवर चालणारी. ती बसविणें सोपें. परंतु दर कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं उतरवून तिला चार्ज करावें लागतें, आणि विसर पडला तर नेमक्या गरजेच्या वेळीं ती मुकी होते. दुसरी तारेनें जोडावयाची. तिला ही विवंचना नाहीं. चिरंजीवानें विचारपूर्वक दुसरी पाठविली होती. सोबतच्या माहितीपत्रकांत लिहिलें होतें कीं, वीज बंद करा, जुनें बटण काढा, त्यामागच्या दोन तारा या घंटेच्या दोन स्क्रूंना जोडा. कोणती तार कोठें, याला महत्त्व नाहीं.

मीं बत्तीस वर्षें शाळेंत विज्ञान शिकविलें. ओहमचा नियम माझ्या जिभेवर आहे. तेव्हां एवढ्याशा कामाला दुसऱ्याची मदत कशाला, असा अभिमान मला झाला. एमसीबी खालीं केली, बटण काढलें, दोन तारा मोकळ्या केल्या. भिंतींत भोक पाडण्याचें काम तेवढें माझ्या हातून होण्यासारखें नव्हतें, म्हणून आमच्या पेठेंतल्या एका वायरमनला बोलाविलें. हा माझाच जुना विद्यार्थी. विज्ञानाच्या तासाला तो शेवटच्या बांकावर बसे, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीं काय शेरे मारले होते, तें येथें न सांगणेंच बरें.

तो आला तेव्हां पहिली तार मी स्क्रूखालीं सरकवीत होतों. त्यानें घंटा माझ्या हातांतून हळूच घेतली, उलटी केली, आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "सर, हिला सोळा ते चोवीस व्होल्ट लागतात. आपल्या या तारेंत किती आहेत, तें पाहिलंत का?"

मीं पाहिलें नव्हतें. त्यानें मला दूर उभें केलें, एमसीबी क्षणभर वर केली आणि त्या दोन तारांच्या टोकांना मीटर लाविला. आंकडा दोनशें तिसाच्या पुढें गेला. पुन्हां वीज बंद करून तो इतकेंच म्हणाला, "बटण दाबायला वहिनीच आल्या असत्या ना, सर?" मला उत्तर सुचलें नाहीं.

माहितीपत्रकांत चूक नव्हती. तें ज्या घरांसाठीं लिहिलेलें होतें, तीं घरें निराळीं. विजेच्या घंटेची कहाणी जुनी आहे. जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञानें १८३१ च्या सुमारास ऑल्बनी येथें लांबलचक तारेच्या टोकाशीं विद्युच्चुंबकाच्या साह्यानें घंटा वाजवून दाखविली. पुढें घरगुती घंटा आल्या त्या बॅटरीच्या घटांवर चालत, आणि घटांचा दाब थोड्याच व्होल्टांचा असे. घरांत वीज आल्यावर अमेरिकेंत त्या घटांच्या जागीं लहानसा ट्रान्सफॉर्मर बसला. घरची वीज १२० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर तिचे बहुधा १६ व्होल्ट करतो आणि तेवढेच दाराकडे धाडतो. म्हणून तेथें गृहस्थानें स्वतः घंटा बदलली तरी फारसें बिघडत नाहीं.

आपल्याकडील बहुतेक घरांत हा मधला ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची फेज सरळ दारावरच्या बटणांत येते, बटणांतून घंटेकडे जाते, आणि घंटेंतून न्यूट्रलला मिळते. म्हणजे दारापाशीं दिसणाऱ्या दोन तारांपैकीं एक फेज असते व दुसरी घंटेकडे जाणारी. न्यूट्रल तेथें नसतेच. शिवाय जुनी घंटा बटण दाबल्यावरच वीज घेते, तर ही नवी घंटा अहोरात्र जागी असते. १६ ते २४ व्होल्टसाठीं घडविलेलें नाजुक यंत्र अशा तारांना जोडलें, तर तें जळून जाण्याचा संभव मोठा. आणि त्याचें वेष्टण २३० व्होल्टपासून स्पर्श करणाराचें रक्षण करण्यासाठीं बनविलेलेंच नसतें. पावसाळ्यांतील ओल्या हाताचें बोट त्यावर पडलें तर काय होईल, हें सांगावयास विज्ञानाचा शिक्षक नको. घरांत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असली तर वीज शरीरांतून जमिनीकडे वाहूं लागतांच ती मार्ग तोडते, म्हणून ती अवश्य असावी. परंतु एक हात फेजला व दुसरा न्यूट्रलला लागला, तर तिला तें कळत नाहीं. तेव्हां तिच्या भरंवशावर चूक करूं नये.

मग आम्हीं काय केलें, तें क्रमानें सांगतों. प्रथम वीज बंद केली. टेस्टर चालतो कीं नाहीं, हें चालू प्लगांत तपासून घेतलें, आणि नंतरच तो तारांना लाविला. कारण बिघडलेला टेस्टरहि 'वीज नाहीं' असेंच सांगतो. बटणाकडे येणारी जुनी फेज बोर्डापाशींच सोडवून टाकली, म्हणजे नव्या घंटेच्या मागें जिवंत तार उरावयास नको. चिरंजीव तिकडून ट्रान्सफॉर्मरहि पाठवावयास निघाला होता. परंतु तो १२० व्होल्टचा, इकडच्या विजेवर टिकणारा नव्हे. येथेंच २३० व्होल्ट घेऊन १६ व्होल्ट देणारा, ३० व्होल्ट-अँपिअर शक्तीचा ट्रान्सफॉर्मर घेतला व तो बोर्डाशेजारीं हवा खेळेल अशा पेटींत, स्वतंत्र स्विच देऊन बसविला. तेथून दारापर्यंत दोन नव्या तारा वेगळ्या केसिंग-पट्टींतून नेल्या. २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच नळींतून नेल्या नाहींत.

येथें मात्र माझा ओहम कामीं आला. दार पेटीपासून दहा मीटर. जाऊन येऊन तार वीस मीटर. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या वीस मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.३५ ओहम. एक अँपिअर प्रवाह गेला तरी दाब व्होल्टच्या एक-तृतीयांशानेंच घटेल. हें गणित मीं पाठकोऱ्या कागदावर करून दाखविलें, तेव्हां माझा विद्यार्थी गंभीरपणें म्हणाला, "बरोबर आहे, सर." शेरा मात्र लिहिला नाहीं.

आणखी दोन-तीन गोष्टी. आपल्याकडची जुनी २३० व्होल्टची घंटा या नव्या मंडलांत चालत नाहीं. आंत वाजण्यासाठीं बिनतारी घंटा निराळी घ्यावी लागते. आणि मंडलांत आंतली घंटा नसेल तर कांहीं नमुन्यांना मधें रोधक जोडावा लागतो. तो न जोडल्यास यंत्र बिघडतें. याबाबत त्या-त्या नमुन्याचें माहितीपत्रक हेंच प्रमाण. कांहीं घंटांबरोबर अ‍ॅडॉप्टर येतो. तो एकदिश प्रवाह देत असेल तर धन व ऋण टोकांची अदलाबदल चालत नाहीं. घंटेचा ट्रान्सफॉर्मर व वायफायचा राउटर हे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे. दोहोंपैकीं एक जरी बंद पडला तरी फोनवर चित्र येत नाहीं.

काम संपलें. जमिनीपासून चार फुटांवर घंटा झळकूं लागली, आणि फोनवर आमच्या दारापुढची मोकळी जागा स्वच्छ दिसूं लागली. मी तें चित्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकानें दाखवीत होतों. आमच्या समोरच्या बिऱ्हाडीं ऐंशी वर्षांच्या एक मावशी एकट्या राहतात. त्यांनीं चष्मा पुसून फोनकडे पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, हें माझंच दार ना? म्हणजे माझ्याकडे कोण आलं, कोण गेलं, तें आतां तुमच्या फोनांत राहणार?"

सकाळपासून दुसऱ्यांदा मी निरुत्तर झालों.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ सालीं व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या रक्षणासाठीं कायदाहि झाला. परंतु एखाद्यानें केवळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठीं केलेला माहितीचा वापर त्याच्या कक्षेबाहेर ठेविला आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या दाराचा मान राखण्याचें काम बव्हंशीं आपल्या सज्जनपणावरच सोंपविलेलें आहे. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें होतें. २०२१ च्या ऑक्टोबरांत न्यायाधीशांनीं शेजारणीच्या बाजूनें निकाल दिला. आणि चित्रापेक्षांहि दूरवरचें बोलणें टिपून घेणारा त्या यंत्राचा कान त्यांना अधिक आक्षेपार्ह वाटला.

मीं त्याच संध्याकाळीं फोनवरची मांडणी बदलली. या घंटांत चित्राचा नको असलेला भाग झांकून टाकण्याची सोय बहुधा असते. मावशींचें दार मीं झांकलें. आवाज टिपून ठेवणें बंद केलें. चित्रें कंपनीच्या दूरच्या संगणकांत किती दिवस राहावींत, याची मुदत कमींत कमी ठेविली. संकेतशब्द दुसरीकडे कोठेंहि न वापरलेला असा घेतला, आणि दुहेरी पडताळणी चालू केली; नाहींतर आपलें दार आपल्याआधीं परक्यालाच दिसावयाचें. हें सर्व झाल्यावर फोन घेऊन मी मावशींकडे गेलों व त्यांच्या दाराच्या जागीं आतां काळा चौकोन दिसतो, हें त्यांना दाखविलें. त्या म्हणाल्या, "आतां बरं आहे." आणि लाडवाची वाटी पुढें केली.

माझी पत्नी आतां खुर्चीवर बसूनच "कोण आहे?" म्हणून विचारते. ओळखीचा असेल त्याला "थांबा हं, येतें सावकाश" असें सांगते. आणि येणारेहि थांबतात. दाराची पितळी कडी मात्र मीं काढलेली नाहीं. वीज व इन्व्हर्टर दोन्हीं दगा देतील त्या दिवशीं तीच वाजावयाची आहे.

आपल्यापैकीं कोणी अशी घंटा बसविणार असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेण्यापूर्वीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: या तारेंत किती व्होल्ट आहेत, आणि या डोळ्याला कोणाचें दार दिसतें? पहिला प्रश्न मला माझ्या शेवटच्या बांकावरच्या विद्यार्थ्यानें विचारला, दुसरा समोरच्या मावशींनीं. बत्तीस वर्षें प्रश्न विचारून पोट भरलेल्या मला दोहोंपैकीं एकहि सुचला नव्हता.