रविवारचा कोरा चौकोन

माझी धाकटी मुलगी अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकते. पहिलंच वर्ष. गेल्या डिसेंबरात दोन दिवस तिच्याकडे जाऊन आलो. लुई कान या वास्तुशिल्पज्ञानं उभारलेल्या लाल विटांच्या त्या इमारती आणि कमानी पाहून माझ्यातला कवी खूश झाला. मुलगी मात्र घड्याळ बघत होती.

१९६१मध्ये ही संस्था सुरू झाली आणि हार्वर्डच्या सहकार्यानं तिथे 'केस'ची पद्धत आली. एखाद्या कंपनीपुढचा खराखुरा पेच कागदावर मांडलेला असतो. तो रात्री एकट्यानं वाचायचा, मग गटात बसून त्यावर खल करायचा आणि सकाळी वर्गात बोलायचं. बोलण्यालाही गुण! न सांगता होणाऱ्या चाचण्या वेगळ्याच. वर्ष निम्मं सरतंय तोच उन्हाळी उमेदवारीसाठी कंपन्यांच्या मुलाखती. संध्याकाळी कुणी माजी विद्यार्थी भाषणाला आला, तर नंतरच्या चहाला थांबायचं, ओळख करून घ्यायची, मागाहून दोन ओळींची ई-मेल पाठवायची. याला म्हणे नेटवर्किंग म्हणतात.

मी नाक मुरडलं. "कामापुरती माणसं जोडायची, ही कसली ओळख?"

ती हसली. "अब्बा, कविसंमेलन संपल्यावर तुम्ही संपादकांबरोबर चहाला थांबायचात. अम्मी जेवण झाकून ठेवायची. त्याला काय म्हणायचं?"

मी गप्प. माझा पहिला संग्रह अशाच एका चहानंतर निघाला, हे तिच्या आईनंच तिला सांगितलं असणार.

तिनं आपल्यापुरता मार्ग काढला होता. वर्गाच्या तयारीला धक्का लावायचा नाही. खरंच काही विचारायचं असेल, त्याच भाषणाला थांबायचं. तीन समित्यांत नाव दिलं होतं, त्यातल्या दोन सोडल्या. "सोडताना रडले," म्हणाली. आणि झोप? "ती परीक्षेनंतर." हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

खोलीत भिंतीवर आठवड्याचा तक्ता होता. सगळे चौकोन गच्च भरलेले. रविवारी चार ते पाच तेवढा कोरा.

"हा कशाचा?"

"कशाचाच नाही. नुसतं बाहेर हिरवळीवर बसायचं. तो तास बुडाला की सोमवारी वर्गात दुसरे काय बोलताहेत ते डोक्यातच शिरत नाही."

मग कप खाली ठेवत हळूच म्हणाली, "अब्बा, तुमचा फोन नेमका तेव्हाच येतो."

दुपारची झोप झाली, चहा झाला, की मी फोन लावायचो. 'रविवार म्हणजे मोकळीच असेल' हा माझा हिशोब. सहा महिने ती तो उचलत होती. एकदाही चुकवला नाही.

आता रविवारी चार वाजले की मी फोन घरी ठेवून फिरायला जातो. तिला जमेल तेव्हा ती करते. परवा मंगळवारी रात्री पावणेबाराला केला. तिची आई झोपली होती. मी जागाच होतो.