मत पक्षाचे, प्रश्न खासदाराचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



निवडणुकीच्या दिवसांत आपल्यातील प्रत्येकाला आपल्या यादीतील घरे तोंडपाठ असतात. कोणत्या घरात किती मते, कोणाचा मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी आहे, कोणत्या आजींना मतदान केंद्रापर्यंत रिक्षा लागेल, हे सारे आपल्याला ठाऊक असते. मात्र ज्या उमेदवारासाठी एवढी पायपीट केली, त्याने निवडून गेल्यावर सभागृहात काय विचारले आणि कोणत्या बाजूला मत दिले, हे आपल्यापैकी फार थोडे सांगू शकतील. खासदाराची ओळख आपल्याला लग्नसमारंभातील उपस्थितीवरून, कोनशिलेवरील नावावरून आणि चौकातील फलकांवरून होते. ज्या कामासाठी त्याला दिल्लीला पाठविले त्या कामाची नोंद सर्वांना खुली असते, आणि तरीही ती कोणी उघडत नाही. ती नोंद कशी वाचावी आणि वाचताना फसगत कोठे होते, एवढाच आजचा विषय आहे.

ही अपेक्षा आपल्याकडे नवी नाही. १९५७ साली मावळातून विधानसभेवर गेलेले आणि पुढे १९७७ व १९८० साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. राम नाईक यांनीही तोच प्रघात आमदार, खासदार आणि नंतर राज्यपाल या नात्याने चालू ठेवला. त्या काळी लोकप्रतिनिधीने स्वतः सांगितल्याखेरीज मतदाराला कळण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. आज संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक सदस्याचे प्रश्न, मंत्र्यांची उत्तरे आणि चर्चेचे शब्दशः वृत्त घरबसल्या वाचता येते. २००५ साली सुरू झालेली पी.आर.एस. ही संस्था उपस्थिती, चर्चांतील सहभाग आणि प्रश्नसंख्या यांचे तक्ते देते. साधन हाती आले आणि नेमका तेव्हाच अहवाल मागण्याचा आग्रह मावळला, हे आपले वैगुण्य म्हटले पाहिजे.

प्रथम मतदानाविषयी. आपला समज असा असतो की प्रत्येक विधेयकावर प्रत्येक खासदाराचे मत नोंदले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असलेल्यांनी ‘हो’ म्हणावे, प्रतिकूल असलेल्यांनी ‘नाही’ म्हणावे; ज्या बाजूचा आवाज मोठा त्या बाजूने निर्णय. अशा वेळी कोणी काय म्हटले याचा कागदोपत्री मागमूस राहत नाही. एखाद्या सदस्याने त्या निर्णयास हरकत घेऊन मतविभाजनाची मागणी केली, तरच बटणे दाबली जातात आणि नावानिशी नोंद होते. घटनादुरुस्तीची गोष्ट निराळी. तिला ३६८व्या अनुच्छेदाप्रमाणे विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे मोजणी टळत नाही.

२ नोव्हेंबर १९७६ रोजी लोकसभेने ४२वी घटनादुरुस्ती ३६६ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केली. विरोधी पक्षांचे कितीतरी नेते त्या वेळी तुरुंगात होते. परंतु मतविभाजन झाले असल्यामुळे त्या ३६६ जणांची नावे आजही वृत्तात वाचता येतात आणि त्या चौघांचीही. याउलट १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगण निर्मितीचे विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने संमत झाले. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणही त्या वेळी खंडित झाले होते. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभाजन मागितले. मागणी करणारे आपल्या आसनावर नव्हते, असे उपसभापतींचे म्हणणे पडले आणि विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. एका वेळी सत्तेवर एक पक्ष होता, दुसऱ्या वेळी दुसरा. दोन्ही प्रसंगी हानी झाली ती मतदाराची, कारण आपल्या प्रतिनिधीने काय केले हे कळण्याचा त्याचा मार्ग बंद झाला. विधेयक आपल्याला प्रिय आहे की अप्रिय, यावर हे मत अवलंबून ठेवू नये, असे मला वाटते.

बरे, जेथे नोंद आहे तेथे तरी ती खासदाराची असते काय? १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने ते १५ दिवसांत क्षम्य मानले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे मतविभाजनाच्या यादीत आपल्या खासदाराच्या नावापुढे जे दिसते, ते बव्हंशी त्याच्या पक्षाचे मत असते. १७ एप्रिल १९९९ चा दिवस येथील अनेकांच्या स्मरणात असेल. अटलजींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश झुगारून सरकारविरुद्ध गेले आणि पक्षातून काढले गेले. गिरिधर गमांग ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता. अध्यक्षांनी निर्णय त्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपविला आणि त्यांनी मत दिले. सोझ यांचे मत आपल्याला रुचले नाही, पण ते त्यांचे स्वतःचे होते, एवढे मान्य करावे लागते. असे प्रसंग विरळा.

म्हणून मतांची यादी वाचायची ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक, पक्षाची सुसंगती. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला लोकसभेत ९ तारखेला शिवसेनेने अनुकूल मत दिले आणि ११ तारखेला राज्यसभेत त्याच विधेयकावरील मतदानाच्या वेळी तिने सभात्याग केला. भाषणे विसरली जातात. दोन दिवसांच्या अंतराने घडलेली ही गोष्ट नोंदीत तशीच राहिली. दुसरी गोष्ट अनुपस्थिती. १७ डिसेंबर २०२४ रोजी ‘एक देश, एक निवडणूक’ यासंबंधीचे विधेयक मांडण्यावर मतविभाजन झाले. २६९ विरुद्ध १९८. पक्षादेश निघालेला असतानाही भाजपचे वीसएक सदस्य त्या वेळी सभागृहात नव्हते. कोणाची कारणे रास्त असतील, कोणाची नसतील. पण ज्या विषयावर आपण गावोगाव सभा घेतो, त्या विषयाच्या मतदानाला आपला खासदार कोठे होता, हे विचारण्याचा पहिला अधिकार आपल्या कार्यकर्त्याचा आहे. हाच प्रश्न विरोधी खासदाराला विचारणे फार सोपे असते.

आता प्रश्नांकडे येऊ. माझ्या मते खासदाराची खरी पारख येथे होते, कारण प्रश्नाला पक्षादेश नसतो. लोकसभेत बैठकीच्या दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. तारांकिताचे उत्तर मंत्री तोंडी देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचे उत्तर लेखी मिळते. विसांपैकी प्रत्यक्ष पुकारले जातात बहुधा चार-पाचच. उरलेल्यांची उत्तरे लेखीच पटलावर ठेवली जातात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, क्रम सोडतीने ठरतो आणि एका दिवसाच्या यादीत एका सदस्याचे पाचांहून अधिक प्रश्न येत नाहीत. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, अध्यक्षही विचारत नाहीत. त्यामुळे त्यांच्या नावापुढील शून्य पाहून कोणी निष्कर्ष काढू नये. समाजमाध्यमांवर तसले तक्ते फिरतात आणि आपले लोक ते पुढे पाठवितात, म्हणून मुद्दाम सांगतो.

लेखी प्रश्नाचे सामर्थ्य कशात आहे? त्याचे उत्तर मंत्र्याच्या सहीचे, सरकारला बांधील असलेले विधान असते. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सव्वा कोटी रुपयांच्या आसपास रक्कम गुंतविली, हा विषय प्रश्नोत्तरांतून सभागृहात आला. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी त्यावर भाषण केले. ते सत्तारूढ पक्षाचे सदस्य होते, पंतप्रधानांचे जावई होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची खुली चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. आपलेच सरकार असताना खासदाराने प्रश्न कशाला विचारावा, असे आज आपल्यातील काही जण म्हणतात. त्यांनी हे प्रकरण एकदा समग्र वाचावे. आणीबाणीत, जुलै १९७५ च्या अधिवेशनात, प्रश्नोत्तरांचा तास स्थगित झाला होता हेही स्मरणात असू द्यावे. २०२० च्या सप्टेंबरमधील अधिवेशनात, साथीच्या काळात, तो तास पुन्हा वगळला गेला. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली.

जेथे सामर्थ्य असते तेथे बाजारही भरतो. १९५१ साली मुंबईचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर सराफ बाजाराच्या संघटनेकडून मोबदला घेऊन सभागृहात तिचे काम केल्याचा ठपका आला आणि बडतर्फी होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर डिसेंबर २००५. छुप्या चित्रीकरणात प्रश्नांसाठी पैसे घेताना दिसलेल्या ११ सदस्यांना २३ डिसेंबरला दोन्ही सभागृहांनी बडतर्फ केले. १० लोकसभेचे, एक राज्यसभेचा. त्यांत बहुजन समाज पक्षाचे तीन, काँग्रेस व राष्ट्रीय जनता दलाचा एकेक आणि भाजपचे सहा होते. त्या सहांपैकी दोघे, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. पाटील, आपल्या खानदेशातले. १० जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बडतर्फी वैध ठरविली. ८ डिसेंबर २०२३ रोजी तृणमूलच्या महुआ मोइत्रा यांचे सदस्यत्व प्रश्न दाखल करण्याच्या संगणकीय प्रणालीतील आपले खाते परक्याला वापरू दिल्याच्या प्रकरणी गेले. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला, न्यायालयात धाव घेतली आणि २०२४ साली त्या पुन्हा निवडून आल्या. दुसऱ्याचे प्रकरण सांगताना आपला आवाज चढतो आणि २००५ सांगताना उतरतो. अभ्यासवर्गात तरी तसे होऊ नये. खानदेशातील त्या दोन मतदारसंघांत कोणी कार्यकर्ता दर अधिवेशनानंतर प्रश्नांची यादी घेऊन बसला असता, तर या प्रश्नाचा आपल्या केळी-कापसाशी काय संबंध, एवढे तरी त्याने विचारले असते.

याच कारणासाठी संख्येच्या मोहात पडू नये. महाराष्ट्राचे खासदार प्रश्नसंख्येत गेली अनेक वर्षे देशात आघाडीवर आहेत, पक्ष कोणताही असो. त्याबद्दल पुरस्कारही मिळतात. आनंद आहे. परंतु याद्या उघडून पाहिल्या की एकाच प्रश्नाखाली चार-पाच नावे आढळतात आणि गणतीत प्रत्येकाच्या खात्यावर एकेक प्रश्न जमा होतो. देशात अमुक योजनेखाली राज्यनिहाय किती निधी दिला, असा प्रश्न स्वीय सहायकही तयार करू शकतो. त्याचे उत्तर मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात आधीच छापलेले असते. याउलट एखाद्या रेल्वेमार्गाचे भूसंपादन कोठे अडले, किती हेक्टर उरले, असा प्रश्न दर अधिवेशनात चिकाटीने विचारणारा सदस्य तक्त्यात खाली दिसेल, पण त्याचे दहा प्रश्न शंभरांना भारी असतात.

विधिमंडळातील प्रश्नांची घडण आपल्या परिचयाची आहे. ‘हे खरे आहे काय?’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर: ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. सर्वांत मनोरंजक उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’. तेथे थांबावे आणि कोणता अंश खरा, हे शोधावे. संसदेत याचे भावंड म्हणजे ‘माहिती संकलित केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’. वाचणाऱ्याला वाटते, टोलविले. वास्तविक ते वाक्य आश्वासन मानले जाते. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे आणि दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करावयाचे असते. ते झाले की नाही हे पाहणे खासदाराचे काम, आणि त्याने पाहिले की नाही हे पाहणे आपले.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात दोघांनी एक वही घालावी. त्यातला एक कार्यकर्ता आणि दुसरा राजकारणाशी संबंध नसलेला, शक्यतो निवृत्त शिक्षक किंवा बँकेतील मनुष्य, म्हणजे आकडे नीट उतरतील. अधिवेशन संपले की आठवडाभरात आपल्या मतदारसंघाशी निगडित प्रश्न तारखेसह उतरवून घ्यावेत, उत्तराचा सारांश लिहावा, आश्वासन असेल तर त्याखाली तीन महिन्यांनंतरची तारीख घालावी. मतविभाजने किती झाली आणि खासदार किती वेळा उपस्थित होते, याला एक पान पुरते. मग कार्यालयात जाऊन सौजन्याने विचारावे, ‘साहेब, गेल्या अधिवेशनातल्या त्या अतारांकित प्रश्नाच्या उत्तरात पटलावर माहिती ठेवतो म्हणाले होते, ती आली का?’ पहिल्या वेळी चहा मिळेल आणि विषय बदलेल. दुसऱ्या वेळी स्वीय सहायक फाइल शोधू लागेल. चांगल्या खासदाराला अशी माणसे हवीच असतात, कारण पुढचा प्रश्न त्याला त्यांच्याकडूनच मिळतो.